फोनचा कान

परवा तुम्ही दोघांनी विचारलंत की आजी, व्हिडिओत तुझ्या डोक्यावर पंखा गरगर फिरताना दिसतो, पण आवाजात तो कुठेच नसतो, हे कसं? तू जादू करतेस का? जादू नाही. तंजावरच्या उन्हाळ्यात पंखा बंद करून बोलणारी म्हातारी तुम्हांला शोधूनही सापडायची नाही. पंख्याचा आवाज फोन स्वतःच काढून टाकतो. मला हे ज्यांनी शिकवलं ते आता नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल लिहून ठेवते.

आयुष्यभर मी मुलींना इंग्रजी निबंध शिकवले. आधी सुरुवात, मग मध्य, मग शेवट. ह्या माणसाच्या बाबतीत ते मला जमणार नाही. त्यांच्याबद्दल कुठूनही सुरू केलं तरी मध्येच सुरू केल्यासारखं वाटतं.

सगळे त्यांना सार म्हणत. तुमच्या नागपूरला सार वाटीत वाढतात. इकडे शिक्षकाला सार म्हणतात. मी ज्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची तिथेच ते पदार्थविज्ञान शिकवत, आणि आमच्या घराला लागूनच त्यांचं घर. आमच्यासारखेच तंजावरचे मराठी. निवृत्त झाले तेव्हा कॉलेजनं शाल दिली, नारळ दिला आणि आणखी काही हवं का असं विचारलं. असं विचारणं ही रीत असते. उत्तर अपेक्षित नसतं. सारांनी उत्तर दिलं. त्यांनी प्रयोगशाळेतली नादकाट्यांची जुनी पेटी मागितली. नादकाटा म्हणजे दोन बोटांचा पोलादी चिमटा. रबरावर आपटला की एकच स्वर देतो, आयुष्यभर तोच. त्या स्वराचा आकडा त्याच्या दांडीवर कोरलेला असतो. शाल सारांनी पेटीला गुंडाळून घरी आणली.

कुठल्याही खोलीत शिरले की ते आधी एक टाळी वाजवत आणि मान कलती करून थांबत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा तुमच्या आजोबांना वाटलं की डास मारला. भांड्यांच्या दुकानात तर त्यांना उभं करून घेत नसत. प्रत्येक पातेल्याला टिचकी मारायची आणि कान लावायचा. दुकानदार एकदा वैतागून म्हणाला, "सार, पातेलं घेताय की मुलगी बघताय?"

मोठा आवाज, बारीक आवाज असं त्यांच्यापुढे म्हणायची सोय नव्हती. आजोबा म्हणाले, "देवळातला लाउडस्पीकर आज फारच मोठा आहे."

"कशापेक्षा?" सारांनी विचारलं.

"माझ्या सहनशक्तीपेक्षा."

"ती मोजलेली नाही."

त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ पुढे होतं आणि ते त्यांनी कधी मागे केलं नाही. "चूक किती ते ठाऊक आहे ना? मग ती चूक कुठे राहिली?" असं त्यांचं म्हणणं. ह्यात दुसऱ्याची अडचण होते हे त्यांच्या ध्यानात येत नसे. कॉलेजात नवं सभागृह बांधलं तेव्हा त्यासाठी देणगी देणारे गृहस्थ उद्घाटनाला आले. चहाच्या वेळी त्यांनी सहज विचारलं, "प्रोफेसर, हॉल कसा वाटला?" सार मंचावर गेले, टाळी वाजवली, ऐकली, आणि खाली येऊन म्हणाले की मधल्या रांगेच्या मागे बसणाऱ्याला एक शब्द कळणार नाही. चहा तसाच राहिला. पुढे सारांना कुणी मंचावर बोलावलं नाही. मी त्यांना म्हटलं, "गप्प बसता आलं नसतं का?" त्यांना खरोखरच नवल वाटलं. "मॅडम, त्यांनी विचारलं होतं."

आता अक्काबद्दल. अक्का ही सारांची थोरली बहीण. त्या घरात ही दोघंच राहत. सारांना गाण्याचं अंगच नव्हतं आणि अक्काला गाण्याशिवाय दुसरं काही नव्हतं. तुम्ही नवरात्रात इथे आला नाहीत, म्हणून सांगते. आपल्या तंजावरच्या मराठी घरांत नवरात्रात बाहुल्यांचा कोलू मांडतात, पायऱ्यापायऱ्यांवर. दिवा लागला की पहिलं गाणं मराठीत व्हायला हवं. मग पुढे तमिळ गा, तेलुगू गा, मुलींना सिनेमातलं येत असेल तर तेही गा. पण पहिलं मराठी, आणि ते अक्काचं. घरोघरची पोरं आजीला तमिळमध्ये उत्तर देतात, देवनागरी वाचणारे बोटांवर मोजावे लागतील. अक्कानं स्वतः सगळी पदं तमिळ लिपीत उतरवून पाठ केलेली. तरी ती फणसाच्या लाकडाचा आपला तंबोरा घेऊन बसली, डोळे मिटले, पहिला सा लावला की घरातलं मोठं माणूस हातातलं काम ठेवून ओसरीवर येऊन बसे.

तंबोरा मी छेडायची. चार तारा, एकामागून एक, क्रम चुकायचा नाही. माझ्या स्वभावाला ते काम बरं.

एका नवरात्रात त्यांच्या ओरत्तनाडूच्या भाच्यानं अक्काचं गाणं फोनवर घेतलं आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. चेन्नईच्या एका चुलतभावानं त्याखाली इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. अक्कानं फोन माझ्याकडे दिला. "वाच गं, काय म्हणतो तो?" मी वाचलं: वयानुसार श्रुती (इकडे पट्टीला श्रुती म्हणतात) जरा उतरली आहे, पण भाव मात्र तोच.

"भाव तोच," अक्का म्हणाली. "भाजी खारट झाली की पाहुणे ताटाचं कौतुक करतात, तसं." तिनं तंबोऱ्याला गवसणी घातली आणि तो कोपऱ्यात उभा केला. पुढच्या वर्षी गाणार नाही, दुसरं कुणी बघा, असं तिनं शांतपणे सांगून टाकलं.

सारांनी ते रेकॉर्डिंग ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि आमच्या दारात येऊन ओरडले, "मॅडम, तंबोरा कुठाय?"

मी ऐकलं. खरंच, तंबोरा नव्हता. मी तासभर छेडलेल्या तारांमधली एकही त्यात नव्हती. अक्काचा आवाज एकटाच, मागे भिंत नसलेल्या घरासारखा.

"खाल्ला ह्यानं!" सार आनंदानं म्हणाले. "ज्याला तंबोरा ऐकू येत नाही त्याच्या साक्षीवरून अक्काला शिक्षा? मी ह्याचा कान तपासतो."

तिथून सुरू झालं. त्यांचा एक जुना विद्यार्थी पापनाशमकडच्या गिरण्यांमध्ये आवाज मोजायच्या कामावर होता. त्याच्याकडून सारांनी खात्रीचा ध्वनिमापक मागून आणला. गच्चीच्या कठड्यावर एक स्टँड, समोर घंटा, मध्ये गाठी मारलेली दोरी. फोन नेहमी त्याच गाठीवर ठेवायचा, कव्हर काढून, तळाच्या छिद्रातला कचरा टाचणीनं काढून. पण शहरात शांतता कुठून आणणार? त्यासाठी ते महिन्याच्या वीजबंदीची वाट बघत. दुरुस्तीसाठी दिवसभर वीज जाते तेव्हा गल्लीतले पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी सगळं एकदम थांबतं. इतर लोक विजेच्या नावानं बोटं मोडत. सार न्हाऊन, स्वच्छ वेष्टी नेसून गच्चीवर जात.

एका फोननं भागेना. दोन सारखे फोनसुद्धा सारखं ऐकत नाहीत हे कळल्यावर त्यांनी गल्लीतला प्रत्येक फोन मागवला. तपासून झाला की पाठीवर चिठ्ठी चिकटवून परत. तुमच्या आजोबांच्या फोनवर लिहिलं होतं, "कमी ऐकतो, पण नेहमी तेवढंच कमी. विश्वासू." आजोबांनी ती चिठ्ठी कितीतरी दिवस काढली नाही. फुलवाली विचारत आली, "सार, माझा पास का फेल?"

"पास. पण भोळा आहे. शेजारचं सगळं जवळ करतो."

"तर मग तो माझाच," ती म्हणाली आणि टोपली उचलून गेली.

मी खाली भाजी निवडत बसले की ते कठड्यावरून वाकून मला निकाल सांगत. घंटा हळू वाजवा नाहीतर जोरात, फोन दोन्ही जवळजवळ सारख्याच उंचीवर आणून ठेवतो. बारक्याला उचलतो, मोठ्याला दाबतो. खालचे खर्जातले आवाज पातळ करतो. आणि जो आवाज बदलत नाही, तसाच चालू राहतो, तो त्याला निरुपयोगी वाटतो. "हा बोलण्यासाठी बनवलाय, मॅडम. माणूस बोलतो, थांबतो, परत बोलतो. जे थांबतच नाही ते ह्याच्या लेखी कचरा. पंखा, मोटार, तंबोरा, ह्याला तिन्ही एकच." तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे.

मग त्यांना असं ॲप सापडलं जे आवाजावर कुठलाही हात न फिरवता जसाच्या तसा घेतं. त्यात तंबोरा परत आला. सारांचा उत्साह विचारू नका. अस्की गल्ली, म्हणजे तुमच्या भाषेत सगळी गल्ली, आता अक्काच्या बाजूनं होती. राहिलं होतं एकच: स्वराची उंची. पुढच्या वीजबंदीला त्यांनी नादकाट्यांची पेटी गच्चीवर नेली.

त्या दिवशी वरून काहीच निकाल येईना. शेवटी मी वर गेले. सार मांडी घालून बसले होते, समोर फोनांची रांग. त्यांनी एक काटा रबरावर आपटला. पहिल्या फोनच्या पडद्यावर आकडा आला. तोच दांडीवर कोरलेला. दुसरा फोन, तोच आकडा. भोळा, विश्वासू, घाबरट, सगळ्यांवर तोच.

"म्हणजे?" मी विचारलं.

"स्वर म्हणजे एका सेकंदात किती हेलकावे. ते मोजायला चांगलं घड्याळ लागतं. ह्यांच्या पोटात घड्याळ चांगलं आहे." त्यांनी काटा पेटीत ठेवला. "जोराच्या बाबतीत अस्की खोटारडे. पट्टीच्या बाबतीत एकही नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अक्काला गायला बसवलं. फोन तपासायचाय, एवढंच सांगितलं; ते खोटंही नव्हतं. मी तंबोरा घेतला. त्यांनी नादकाट्यानं आधी तारा जुळवून घेतल्या, कारण तारा उतरल्या तर दोष तारांचा. अक्कानं डोळे मिटले. मला वाटलं, काय सुरेख. दुसरं कडवं संपता संपता सारांनी पडदा माझ्याकडे वळवला. त्यावरचा स्वर दाखवणारा काटा मधोमध असायला हवा, तो डावीकडे, म्हणजे उतरतीकडे, कलला होता. थोडासाच. पण परत येत नव्हता.

मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. मला हातानं खूण केली: थांबवा. मला कळेना. त्यांनी पुन्हा खूण केली. मी तारांवर तळवा ठेवला आणि तंबोरा बंद झाला.

अक्का गातच राहिली. भुवईसुद्धा हलली नाही. पूर्ण कडवं ती त्या बंद तंबोऱ्याबरोबर गायली, अधूनमधून नेहमीसारखी त्याच्या दिशेनं मान झुकवत. आपला आवाज भरला की तिला तंबोरा ऐकू येत नव्हता. कधीपासून, कोण जाणे. गाणं संपायच्या आत सारांनी मला परत छेडायला सांगितलं.

संध्याकाळी तुमचे आजोबा म्हणाले, "सार, सांगून टाका की फोन खराब आहेत. चिठ्ठ्या चिकटवल्याच आहेत, गल्ली साक्ष देईल. नवरात्र दोन महिन्यांवर आलंय, म्हाताऱ्या बाईला गाऊ द्या."

"तिनं विचारलं तर?"

"विचारलं तरी!"

सार उठून गेले. ते त्या दिवशी जेवले नाहीत, असं अक्कानंच मला सकाळी सांगितलं. मी त्यांच्या ओट्यावर बसले होते. अक्का दोघांची कापी, म्हणजे कॉफी, घेऊन बाहेर आली.

"अक्का," सार म्हणाले, "फोन तंबोरा खातो. जोर खोटा सांगतो. खर्ज पातळ करतो."

"ठाऊक झालंय. फुलवालीसुद्धा तेच सांगत होती."

"पण पट्टी बरोबर सांगतो."

अक्कानं हातातला पेला खाली ठेवला. "म्हणजे मी उतरते."

"हो."

"कुठे?"

"दुसऱ्या कडव्यापासून. हळूहळू. तुला तंबोरा ऐकू येत नाही, म्हणून."

"किती उतरते?"

सारांनी अंगठा आणि बोट जवळ आणून मध्ये नखाएवढी फट दाखवली.

"एवढं पुष्कळ असतं रे," ती म्हणाली.

"असतं."

ती उठून आत गेली. पुढे बरेच दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. वाढायची, पण शब्द नाही. कानाच्या डॉक्टरांकडे मी तिला घेऊन गेले. कानात घालायचं यंत्र आलं. त्यातून तंबोरा कढईत तळल्यासारखा ऐकू येतो म्हणून तिनं ते काढून ठेवलं. आजोबा सारांवर चिडले होते. "काय मिळवलंत?" ते विचारत. खोलीत शिरताना सार टाळी वाजवायलाही विसरू लागले.

मग एका दुपारी भिंतीपलीकडून अक्काचा आवाज आला. मी हातातलं टाकून गेले. ती सारांसमोर उभी होती.

"तुझ्या त्या फोनला मी उतरते ते केव्हा दिसतं? नंतर?"

"लगेच. तू गातानाच."

"मग गातानाच मला दाखव."

"तू डोळे मिटून गातेस, अक्का."

"उघडीन."

डोळे मिटल्याशिवाय तिनं आयुष्यात एक ओळ म्हटली नव्हती. आमच्याकडे लोक म्हणत की अक्का डोळे मिटते आणि देवी उघडते. पण ती बसली. तो बारका काटा तिला दिसेना, म्हणून सारांनी तो स्वतः बघायचा आणि हातानं सांगायचं असं ठरलं. तळवा गुडघ्यावर सपाट असेल तर सगळं ठीक. वर उचलला की तितकं वर ये. गाण्याचं अंग नसलेला भाऊ, आणि त्याच्या हाताकडे टक लावून गाणारी बहीण. पहिले दिवस भांडणाचे गेले.

"हात आहे की बैलगाडी? मी पुढच्या ओळीवर गेले!"

"काटा स्थिर झाल्याशिवाय मी हलवणार नाही."

"काटा स्थिर होईपर्यंत गाणं संपतं, वेड्या!"

तंबोऱ्याच्या मागे बसून मी हे ऐकत होते. कित्येक दिवसांनी त्या घरात एवढा आवाज होता.

नवरात्राचा पहिला कोलू आमच्याकडे. बायका आल्या, पोरं आली, आणि चेन्नईचे ते चुलतभाऊही आले, जरीकाठी वेष्टी नेसून. दिवा लागला. अक्का बसली आणि तिनं डोळे उघडे ठेवले. कुजबूज झाली. समोर सार, डाव्या हातात फोन, उजवा तळवा गुडघ्यावर. ती गायली. दुसरं कडवं आलं, गेलं. तळवा सपाट. मी तारा छेडत बाजूला बसले होते, म्हणून मला दिसलं: सारांच्या हातातला फोन काळा पडला होता. दिवसभर सराव करून त्याची बॅटरी संपली होती. सार त्या काळ्या काचेकडे बघत होते आणि त्यांचा उजवा हात गुडघ्यावर तसाच होता, शेवटच्या ओळीपर्यंत.

"वा, अक्का!" चेन्नईचे चुलतभाऊ म्हणाले. "अगदी पूर्वीसारखं!"

अक्कानं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं भावाला विचारलं, "एकदाही उचलला नाहीस?"

"नाही."

"का?"

सारांनी फोन तिच्याकडे वळवला. "हा मध्येच बंद पडला."

"मग हात तसाच कशाला ठेवलास?"

"उचलायला कारण दिसलं नाही."

"कारण नव्हतं, की दिसायची सोय नव्हती?"

सार खाली बघत म्हणाले, "सोय नव्हती."

"तर हे गाणं धरायचं नाही," अक्का म्हणाली. तुमच्या आजोबांकडे वळून, "चार्जर आणा."

"अक्का, सुंडल निवतंय," आजोबा म्हणाले. उकडलेल्या हरभऱ्यांचं भलंमोठं पातेलं त्यांनीच आतून आणून ठेवलं होतं.

"निवू दे. देवीला घाई नाही."

"पण फार छान झालं हो," चुलतभाऊ म्हणाले.

"तुम्हांला वाटलं तसं. मी ह्याला विचारतेय."

सगळं घर थांबलं. फोन भिंतीला लावला, पोरं पायऱ्यांवरच्या बाहुल्यांना हात लावत राहिली, बायकांनी एकमेकींच्या साड्या विचारून घेतल्या. अक्का हलली नाही. फोन जागा झाला तेव्हा तिनं पुन्हा सा लावला.

आता सगळेच सारांच्या हाताकडे बघत होते. दुसरं कडवं उलटलं आणि तळवा गुडघ्यावरून बोटभर उठला. अक्कानं तो हात पाहिला, ओळ सोडली नाही, श्वास घेतला आणि त्याच स्वरावरून वर सरकली, आणि तळवा सावकाश खाली येऊन टेकला. पुढे आणखी एकदा तसंच झालं. त्या वेळी हात पुरता उठायच्या आतच ती वर होती.

गाणं संपल्यावर कुणी वा म्हटलं नाही. म्हणायचं की नाही ते कुणालाच कळेना.

"किती?" अक्कानं विचारलं.

"दोनदा," सार म्हणाले.

तिनं मान हलवली, गुडघ्यावर हात टेकून उठली. "हे धरा," ती म्हणाली. "आता सुंडल वाढा."